तीच नौका, की दुसरी?

'स्टार ट्रेक'मधली 'एंटरप्राइज' ही नौका १९६६ साली अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर पहिल्यांदा दिसली. तेव्हापासून तिची लांबी, रंग, इंजिने, खिडक्या, आतले मार्ग, सगळे बदलत आले आहे. नाव तेवढे टिकले, आणि कपाळावरचा एनसीसी-१७०१ हा क्रमांकही बहुतांशी टिकला. पडद्यावरच्या प्रत्येक नव्या रूपाला पाहणारे 'एंटरप्राइज'च म्हणतात, आणि तसे म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न इथे उभा राहतो: वस्तूचे सर्व काही बदलल्यावर 'ही तीच' असे म्हणायला आधार कोणता?

या नौकेचा मूळ आकार मॅट जेफरीज या कलादिग्दर्शकाने १९६४ मध्ये ठरवला. जेफरीज स्वतः विमान चालवत असे आणि दुसऱ्या महायुद्धात त्याने बाँबफेकी विमानांवर काम केले होते. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांची अट मुख्यतः नकाराची होती. अग्निबाण नको, पंख नकोत, मागून निघणाऱ्या ज्वाळा नकोत. तोवरची कल्पित याने तोफगोळ्यासारखी, अग्निबाणासारखी किंवा उडत्या तबकडीसारखी असत. जेफरीजने तबकडी ठेवली, पण तिला मानेसारख्या एका भागाने खालच्या लांबट धडाशी जोडले आणि इंजिनांच्या दोन नळ्या दोन खांबांवर उंच मागे नेल्या. त्यामागचा विचार साधा होता. इतकी शक्तिशाली इंजिने माणसांपासून दूर हवीत, आणि वेळ पडली तर ती सुटी करता यायला हवीत. बाहेरचा पृष्ठभाग त्याने गुळगुळीत ठेवला, कारण अवकाशात बाहेर जाऊन दुरुस्ती करणे जिवावरचे काम. यंत्रसामग्री आतूनच हाताशी असावी. क्रमांकातला 'एनसी' अमेरिकी विमानांच्या नोंदणीच्या पद्धतीवरून आला. म्हणजे आकार, पृष्ठभाग आणि क्रमांक या तिन्हींमागे कारण होते. हे ध्यानात ठेवायला हवे, कारण पुढच्या रचनाकारांनी बदल करताना हीच कारणे एकेक करून सोडली किंवा राखली.

मोठा बदल १९७९ च्या पहिल्या चित्रपटात झाला. दूरचित्रवाणीच्या छोट्या पडद्यावर गुळगुळीत करडे धड खपून गेले होते. चित्रपटगृहात ते उघडे पडले असते. म्हणून सुमारे ८ फुटांचे नवे मॉडेल बनवले गेले. इंजिनांच्या गोल नळ्या चपट्या झाल्या, खांब मागे झुकले, आणि सगळ्या अंगावर मोतिया छटांच्या चौकटी रंगवल्या गेल्या. कथेत मात्र ही नवी नौका नव्हे. गोदीत १८ महिने दुरुस्ती होऊन बाहेर पडलेली ती जुनीच एंटरप्राइज आहे.

चित्रपटाला हा पेच ठाऊक आहे, आणि त्याने तो फार जवळून दाखवला आहे. कर्क हा जुना कप्तान नौकेचा ताबा पुन्हा घेतो तेव्हा दुरुस्तीवर देखरेख केलेला डेकर त्याला स्पष्ट सांगतो की ही जवळजवळ संपूर्णपणे नवी एंटरप्राइज आहे आणि तुम्ही तिला ओळखत नाही. थोड्याच वेळात कर्क आपल्याच नौकेत वाट चुकतो. मग एका संकटात, समोरून उल्का येत असताना, तो सवयीने शस्त्रे डागण्याचा हुकूम देतो आणि डेकर तो हुकूम फिरवतो. नव्या रचनेत त्या शस्त्रांची ऊर्जा मुख्य इंजिनांतून जाते, आणि इंजिने बिघडलेली असताना ती चालणारच नसतात. कर्कच्या मनातली नौका आणि पायाखालची नौका यांत तेवढ्या क्षणापुरती फट पडते. गोदीत तिच्याभोवती फेरी मारताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यात मात्र ही फट कुठेच नाही. तो एका ओळखीच्या जिवाकडे पाहतो आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तत्त्वज्ञानाचे काम त्यांतली एक खोटी ठरवणे नसून दोन्ही एकत्र कशा खऱ्या असतात हे सांगणे आहे.

प्रश्नाचे ग्रीक रूप प्लूटार्कने थेसियसच्या चरित्रात नोंदवले. क्रीटहून तरुणांना घेऊन परतलेली थेसियसची ३० वल्ह्यांची नौका अथेन्सवासीयांनी पिढ्यान् पिढ्या जपली. फळी कुजली की ती काढायची आणि मजबूत नवी बसवायची. असे करता करता ती नौका तत्त्वज्ञांच्या वादाचे उदाहरणच होऊन बसली. तीच राहिली असे काही म्हणत, तीच राहिली नाही असे काही. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने त्यात एक भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर दोन नौका उभ्या राहतील. मग थेसियसची कोणती? प्लूटार्कच्या कोड्यात हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे होते; हॉब्जने निवड करायला लावली.

भारतीय परंपरेत हाच प्रश्न रथावरून विचारला गेला. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की तू आलास तो रथ कोणता? दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? साटा? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. हे सगळे मिळून रथ का? यांच्यावेगळे काही रथ आहे का? यालाही तो नाही म्हणतो. शेवटी त्याला मान्य करावे लागते की या भागांच्या आधारावर 'रथ' हा व्यवहारातला शब्द उभा आहे, एवढेच. नागसेनाचे खरे लक्ष्य रथ नव्हता, माणूस होता. त्याच ग्रंथात पुढे राजा विचारतो की जन्म घेणारा तोच असतो की दुसरा? उत्तर येते की तोही नाही आणि दुसराही नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरात उरलेली नसते, तरी दुसरा दिवा कुणी लावलेला नसतो.

नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांना, हे पटण्यासारखे नव्हते. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, खरोखर असतो. घडा काठाला धरून उचलला की सगळा घडा वर येतो. परमाणूंचा नुसता ढीग तसा उचलता येत नाही. शिवाय 'हा तोच घडा' ही ओळख, जिला ते प्रत्यभिज्ञा म्हणतात, ती कशाची तरी ओळख असलीच पाहिजे. यावर बौद्धांनी दिलेले उदाहरण मार्मिक आहे. कापलेले केस आणि नखे पुन्हा वाढतात आणि आपण म्हणतो 'तेच केस', पण ते तेच नसतात, सारखे असतात. सारखेपणालाच माणूस तेच समजतो.

अवयवी खरा मानला की वस्तू टिकते, असे वरवर पाहता वाटेल. प्रत्यक्षात न्याय-वैशेषिकांचा नियम अतिशय कडक आहे. वस्त्रातला एक धागा काढला तरी जुने वस्त्र नष्ट होते आणि खंडपट नावाचे नवे वस्त्र उत्पन्न होते. या नियमाने अथेन्सची नौका पहिली फळी बदलली त्या दिवशीच संपली. वस्तूला खरे अस्तित्व देणाऱ्यांनाच तिचा नाश इतका वारंवार मानावा लागतो, हे या दर्शनाचे प्रामाणिकपण आहे. त्यांच्यात आपसांतही एक वाद होता, आणि तो १९७९ च्या त्या गोदीला नेमका लागू पडतो. कच्चा काळा घडा आव्यात घातला आणि लाल होऊन बाहेर आला, तर आत काय घडले? वैशेषिक म्हणत की आगीत घडा परमाणूंपर्यंत विस्कटतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि मग नवा घडा जुळून येतो. हे इतक्या झपाट्याने होते की कुणाला कळत नाही. हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणत की घडा आहे तसाच राहतो, त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून उष्णता आत शिरते आणि सबंध घडा भाजला जातो. हा पिठरपाकवाद. डेकर पीलुपाकवादी आहे, कर्क पिठरपाकवादी. १८ महिने बंद असलेल्या आव्यातून काय बाहेर आले, यावर दोघांचे एकमत होणे शक्यच नाही, कारण दोघांनी पाहिलेली लाली एकच आहे.

पुढच्या चित्रपटांत गाठ आणखी आवळते. १९८४ साली कर्क स्वतःच्या हाताने एंटरप्राइज नष्ट करतो. १९८६ च्या चित्रपटाच्या शेवटी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना दुसरी नौका मिळते. नाव एंटरप्राइज, क्रमांक एनसीसी-१७०१, त्यापुढे 'ए' हे अक्षर. कथेच्या हिशेबाने ही निःसंशय दुसरी वस्तू आहे. पण ती पडद्यावर आणण्यासाठी नवे मॉडेल बनवलेले नव्हते. १९७९ चे तेच मॉडेल दुरुस्त करून, पुन्हा रंगवून, पुढे एक अक्षर लिहून वापरले गेले. १९६६ आणि १९७९ या दोन रूपांसाठी दोन वेगवेगळी मॉडेले होती, पण कथेत नौका एक. १९७९ आणि १९८६ साठी मॉडेल एकच, पण कथेत नौका दोन. द्रव्याचे सातत्य आणि ओळखीचे सातत्य इतक्या स्पष्टपणे एकमेकांना छेदून जाताना तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातही क्वचितच दिसतात. नागसेनाला हे उदाहरण मिळाले असते तर रथाची गरज उरली नसती.

यानंतर नौका कथेच्या काळातही पुढे सरकल्या. १९८७ च्या मालिकेसाठी अँड्र्यू प्रोबर्टने रेखाटलेली 'डी' ही नौका मूळ नौकेच्या दुपटीहून लांब आहे. तिच्यात कुटुंबे राहतात, मुले शाळेत जातात. तबकडी, मान, धड आणि दोन इंजिने एवढीच रूपरेषा उरली आणि कडा मऊ झाल्या. १९९२ मधल्या एका भागात मूळ नौकेचा मुख्य अभियंता स्कॉटी अनेक दशकांनंतर या 'डी'वर येतो. आभासी दालनात जाऊन तो संगणकाला एंटरप्राइजचा नियंत्रणकक्ष दाखवायला सांगतो. संगणक सांगतो की या नावाच्या पाच नौका होऊन गेल्या, कोणती हवी? स्कॉटी चिडून सांगतो की ए, बी, सी, डी काही नको, मूळची दाखव. दार उघडते आणि तो जुन्या कक्षात एकटाच उभा राहतो. हे दृश्य उभे करताना निर्मात्यांनी कक्षाचा थोडासा भागच पुन्हा बांधला होता. मोकळा कक्ष दिसतो ते जुन्या मालिकेतले चित्रीकरण आहे. स्कॉटीला जे परत हवे होते ते अशा रीतीने खरोखरच परत आले.

इथे जैन आचार्य समंतभद्रांचा दृष्टांत सर्वांत उपयोगी पडतो. सोन्याचा घडा मोडून मुकुट केला. ज्याला घडा हवा होता तो दुःखी झाला, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदला, आणि ज्याला सोने हवे होते त्याला ना दुःख ना आनंद. तिघांचेही मनोभाव सकारण आहेत, कारण एकाच घटनेत नाश, उत्पत्ती आणि स्थिरता तिन्ही आहेत. द्रव्य टिकते, पर्याय, म्हणजे त्याची रूपे, पालटतात. बौद्धांनी ओळखीला भ्रम म्हटले आणि नैयायिकांनी अवयवांच्या प्रत्येक बदलाला नाश म्हटले. समंतभद्रांनी विचारणाऱ्यालाच प्रश्नात आणून बसवले. 'तीच का?' असे विचारणाऱ्याने आधी सांगायला हवे की त्याने काय धरून ठेवले होते. स्कॉटीला घडा हवा होता. डेकरला मुकुट हवा होता. कर्कला सोने हवे होते, आणि त्याच्या लेखी सोने म्हणजे धातू नव्हता. त्या नावाखाली एकत्र जगलेली माणसे आणि पत्करलेले काम होते. दृष्टांतातले सोने हे द्रव्य आहे आणि इथे त्या जागी जे आले ते द्रव्य नाही, ही अडचण खरी आहे. पण द्रव्य म्हणजे पर्यायांमधून टिकणारे ते, असे घेतले तर दृष्टांत मोडत नाही.

कथेबाहेरच्या नौकांनाही हे लागू होते. भारताची पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' १९६१ साली नौदलात आली, १९९७ साली निवृत्त झाली आणि नंतर मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ साली ती दारूखान्यात तोडण्यात आली. त्या पोलादाचा काही भाग पुण्याच्या बजाज कंपनीने घेऊन मोटारसायकलींत वापरला. २०२२ साली कोचीच्या गोदीत बांधलेली दुसरी 'विक्रांत' नौदलात दाखल झाली आणि तिला जुन्या नौकेचाच आर-११ हा क्रमांक मिळाला. हॉब्जच्या कोड्यात जुन्या फळ्यांची पुन्हा नौका झाली होती. इथे त्या रस्त्यावर धावू लागल्या. तरी मोटारसायकलीला कुणी 'विक्रांत' म्हणून सलामी देत नाही. सलामी नावामागे जाते, आणि नाव सोपवण्याची एक रीत असते. अमेरिकी नौदलातही एंटरप्राइज हे नाव असेच एका जहाजाकडून दुसऱ्याकडे जात आले आहे, आणि मालिकेने ते तिथूनच उचलले. १९७६ साली नासाच्या पहिल्या शटलला हे नाव मिळाले ते मात्र मालिकेच्या चाहत्यांनी पाठवलेल्या पत्रांमुळे. ते शटल अवकाशात कधीच गेले नाही.

अलीकडच्या मालिकांनी आणखी एक प्रकार पुढे आणला. २०२२ पासूनच्या मालिकेत दिसणारी नौका कथेनुसार १९६६ चीच आहे. मधे कुठली दुरुस्ती नाही, स्पष्टीकरण नाही. तरी ती अधिक भरीव आणि तपशीलवार दिसते. हा वस्तूतला बदल नाही, चित्रणातला आहे, आणि त्याला थेसियसची नौका लागू पडत नाही. पिंगुळीच्या चित्रकथीतला राम आणि पहाडी लघुचित्रातला राम यांचे चेहरे जुळत नाहीत, म्हणून कुणी दोन राम मानत नाही. चाहत्यांपैकी अनेकांना हे उत्तर पुरत नाही, आणि त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. जेफरीजच्या रेषेला कारण होते. नव्या रेषेला फक्त पडद्याची गरज आहे असे त्यांना वाटते.

या सर्व चर्चेत एक वस्तू अशी आहे की जिला हात लावून निर्णय घ्यावाच लागला. मूळ मालिकेसाठी वापरलेले सुमारे ११ फुटांचे लाकूड, पत्रा आणि प्लॅस्टिकचे मॉडेल १९७४ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अवकाश संग्रहालयाला देण्यात आले. त्याआधी बनलेले सुमारे ३ फुटांचे छोटे मॉडेल पहिल्या चित्रपटाच्या काळात कुणाला तरी उसने दिले गेले आणि हरवले. २०२३ मध्ये ते विक्रीला आलेले आढळले आणि २०२४ मध्ये रॉडनबेरींच्या मुलाकडे परतले. मोठे मॉडेल मात्र पुनःपुन्हा दुरुस्त होत राहिले. १९९१ च्या दुरुस्तीत त्याच्या अंगावर ठळक रेषांचे जाळे रंगवले गेले आणि त्यावर बरीच टीका झाली. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी प्रश्न आला की परत जायचे ते कोणत्या एंटरप्राइजकडे? कारण १९६४ ते १९६७ या काळातही मॉडेल बदलत होते. पहिल्या चाचणी भागात त्यात दिवे नव्हते, मग ते बसवले, खिडक्या वाढवल्या, इंजिनांची टोके बदलली. सोन्याकडे पाहणारा तिसरा माणूस होणे संरक्षकांना परवडणारे नव्हते. कुंचला हातात घेतला की घडा किंवा मुकुट निवडावाच लागतो. त्यांनी १९६७ चा ऑगस्ट महिना निवडला, म्हणजे मूळ मालिकेच्या चित्रीकरणात मॉडेलला शेवटचे फेरफार झाले त्यानंतरची अवस्था.

तबकडीच्या वरच्या भागावरचा साठच्या दशकातला रंग कुठल्याच दुरुस्तीत झाकला गेला नव्हता. तो त्यांनी फक्त स्वच्छ केला आणि त्याच्याशी जुळवून बाकीचे अंग रंगवले. २०१६ मध्ये ते मॉडेल संग्रहालयात पुन्हा मांडले गेले. त्याची उजवी बाजू पडद्यावर दिसे तशी आहे, खिडक्यांसह आणि अक्षरांसह. डाव्या बाजूने दिव्यांच्या तारा आत जात असल्याने मालिकेत ती बाजू कॅमेऱ्यापुढे येत नसे, म्हणून तिच्यावर कुणी खिडक्या रंगवल्या नव्हत्या. ती आजही तशीच कोरी आहे.